कमी खर्चात लग्नाचे फोटो आणि फोटोग्राफरचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं पाठवतात: ज्यांच्या घरात लग्न ठरलंय ती, आणि ज्यांच्या हातात नुकताच कॅमेरा आलाय ती. दोघांची उत्तरं मुद्दाम एकाच पानावर ठेवली आहेत, कारण एकाच्या खर्चाचं कोडं दुसऱ्याच्या कमाईच्या हिशेबात सुटतं. पहिले १२ प्रश्न लग्नघरासाठी आहेत आणि पुढचे धंद्यात येणाऱ्यांसाठी.

१. ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक म्हणजे नक्की काय? तिन्ही घ्यावंच लागतं का?

ट्रॅडिशनलमध्ये प्रत्येक विधी आणि स्टेजवर येणारा प्रत्येक पाहुणा क्रमाने टिपतात. कँडिडमध्ये कुणाला उभं करत नाहीत. जे चाललंय ते चालू असतानाच पकडतात. सिनेमॅटिक ही गाण्यावर बसवलेली चार-पाच मिनिटांची फिल्म असते, आणि सगळे विधी दाखवणारा लांबलचक व्हिडिओ त्याहून वेगळा. तिन्ही घेण्याची सक्ती कुणाचीच नाही. मात्र घरात मोठी माणसं असतील तर ट्रॅडिशनल पूर्ण वगळू नका. अल्बममध्ये आत्याच दिसत नाही म्हणून होणारं रुसणं सुंदर कँडिडने मिटत नाही.

२. एका दिवसाच्या कामाचे एवढे पैसे कसे?

काम एका दिवसाचं नसतं. दिवसभरात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. त्यातले चाळायचे, रंग सुधारायचे, निवडलेल्यांचा अल्बम डिझाइन करायचा, छापून आणायचा, व्हिडिओचं मिक्सिंग करायचं. यात काही दिवस जातात, आणि एडिटर बाहेरचा असेल तर त्याचे पैसे वेगळे. शिवाय सहायक, लाइटमन, गाडी, भाड्याने आणलेली लेन्स.

म्हणून ‘पाच हजार कमी करा की’ ही घासाघीस फारशी उपयोगाची नाही. फोटोग्राफर बहुतेक वेळा ‘हो’ म्हणतो आणि ते पाच हजार तुम्हाला न दिसणाऱ्या जागेतून काढतो: स्वतः न येता नवशिक्याला पाठवतो, नाहीतर अल्बमचा कागद हलका लावतो. त्यापेक्षा सरळ विचारा, ‘काय काढून टाकलं तर किती कमी होतील?’ या प्रश्नाला नीट उत्तर देणारा माणूस भरवशाचा असतो.

३. मग नेमकं काय कापावं?

आधी वस्तू कापा, मग तास. माणूस आणि डेटाची सुरक्षितता यांना हात लावू नका.

वस्तूंमध्ये पहिला नंबर कॅमेऱ्याच्या क्रेनचा आणि एलईडी वॉलचा. दीडशे माणसांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्यालाही नवरा-नवरी दिसतात. भिंतीएवढ्या पडद्यावर तेच पुन्हा पाहायची गरज नसते. नंतर ड्रोन (प्रश्न ८), मग प्रीवेडिंग (प्रश्न ७). दोन्ही घरांसाठी दोन जाड अल्बम करण्याऐवजी एक चांगला अल्बम आणि दुसऱ्या घराला छोटं फोटोबुक केलं तरी बराच फरक पडतो. लग्नाच्या आधी अल्बम ठरवूच नका, हे तर माझं ठाम मत आहे. फोटो हातात आले की वर्षभरात केव्हाही छापता येतात.

तासांत पाहायचं ते असं: साखरपुडा, घाणा, हळद, सीमांत पूजन, लग्न, वरात, दुसऱ्या दिवशीची सत्यनारायणाची पूजा, जागरण-गोंधळ या सगळ्याला पूर्ण टीम लागत नाही. हळद घरच्या घरी असेल तर एक माणूस दोन तास बास. स्टेजवरची भेटीगाठींची रांग दोन-अडीच तास चालते आणि तिथले फोटो सगळे सारखेच येतात. ती रांग एकट्या सहायकाकडे सोपवता येते.

४. एकच फोटोग्राफर पुरेल का?

पाहुणे दोनशेच्या आत असतील, लग्न एकाच हॉलमध्ये असेल आणि व्हिडिओ वेगळा माणूस करणार असेल तर पुरतो. अडचण येते ती मुख्यतः दोन वेळांना. एक, वर आणि वधू वेगवेगळ्या खोल्यांत एकाच वेळी तयार होत असतात. त्या वेळा अर्ध्या तासाने मागेपुढे करा, प्रश्न मिटतो. दुसरी, अंतरपाट दूर होण्याचा क्षण. दोन माणसं असली तर दोन्ही चेहरे समोरून मिळतात. एकटा असेल तर त्याने अंतरपाटाच्या रेषेत, कडेला उभं राहावं. दोघांचे चेहरे बाजूने का होईना, एकाच चौकटीत येतात. त्यासाठी ती जागा मोकळी हवी, आणि ती मोकळी ठेवायचं काम घरच्यांचं. ‘शुभमंगल सावधान’च्या शेवटच्या घोषाला वीस-पंचवीस मोबाइल हवेत जातात आणि पैसे देऊन आणलेल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात मावसभावाची कोपरं येतात. घरातल्या एखाद्या दणकट काकांना आधीच सांगून ठेवा.

५. तारीख किती आधी बुक करावी? स्वस्त दिवस कोणते?

तुळशीविवाह झाले की हंगाम सुरू होतो तो जूनपर्यंत. मुहूर्त ठराविकच असल्यामुळे दाट मुहूर्ताच्या दिवशी गावातले सगळे बरे फोटोग्राफर एकाच तारखेला अडकतात. हॉल ठरला की त्याच आठवड्यात फोटोग्राफर ठरवा.

पैसे वाचवायचे असतील तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. चातुर्मासातही पंचांगात गौणकालातले, म्हणजे अडचण असेल तर चालणारे, मुहूर्त छापलेले असतात, आणि त्या काळात फोटोग्राफर रिकामा असतो. घरच्यांना ते चालणार असेल तर तोच माणूस, तेच काम कमी दरात मिळतं. दिवसा उजेडात लग्न असेल तर लाइटचा खर्चही घटतो. गोरज मुहूर्त दिसायला देखणा, पण विधी संपेपर्यंत अंधार पडतो आणि पुढचं सगळं कृत्रिम प्रकाशावर येतं.

६. कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं असलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं. कोण येणार (नावासकट), किती वाजता येणार आणि जाणार, जादा तासाचे किती, सुधारलेले फोटो किती आणि सगळे फोटो किती दिवसांत, अल्बम केव्हा, पैसे कोणत्या टप्प्यांत, माणूस आजारी पडला तर बदली कोण. अल्बमची मोजणी नीट विचारा: काहीजण शीट मोजतात, काहीजण पानं. बारा बाय छत्तीस इंचांचं एक शीट उघडल्यावर दोन पानं होतात, त्यामुळे ‘चाळीस’ या आकड्याचा अर्थ दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. प्रवास आणि जेवणाचंही ठरवा. टीमला पहिल्या पंगतीत किंवा बुफे सुरू होताच जेवायला पाठवा. उपाशी माणसाला पाठवणीचे फोटो चांगले जमत नाहीत, आणि या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही.

७. प्रीवेडिंग करायलाच हवं का?

नाही. त्याचा खरा उपयोग एकच: कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या जोडप्याची फोटोग्राफरशी ओळख होते. ते काम साखरपुड्याच्या दिवशी हॉलबाहेर अर्धा तास फिरूनही होतं. गडावर करायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर आणि वास्तूंमध्ये व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते. पहाटे गुपचूप जाऊन उरकण्याची जागा ती नव्हे.

८. ड्रोनला परवानगी लागते का? ‘सगळेच उडवतात’ असं फोटोग्राफर म्हणतो.

सगळेच उडवतात, हे खरं. नियमही खरे आहेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी होऊन त्याला ओळख क्रमांक असावा लागतो. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. विमानतळाभोवतीच्या पट्ट्यात वेगळे निर्बंध असतात, आणि मुंबईसारख्या शहरात पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन बंद ठेवतात. तुमचं मंगल कार्यालय कुठल्या विभागात येतं ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर दिसतं. फोटोग्राफरकडे ओळख क्रमांक आणि प्रमाणपत्र मागा. नसेल तर ड्रोन पॅकेजमधून काढा आणि तेवढे पैसे वाचवा. मांडवात, माणसांच्या डोक्यावर तर कुणालाच उडवू देऊ नका.

९. चुलतभावाकडे चांगला कॅमेरा आहे. त्यालाच सांगितलं तर?

हळदीला, मेंदीला, केळवणाला जरूर सांगा. मुख्य लग्नाला नको. कॅमेरा चांगला असणं आणि बिघडलेल्या प्रकाशात, ढकलाढकलीत, दुसरी संधी नसताना फोटो मिळवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात तो घरचा माणूस. कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ म्हणून त्यालाच नवऱ्याचा कान पिळायला बोलावलं, तर कॅमेरा कोण धरणार?

१०. आमचं नोंदणी पद्धतीने लग्न आहे / आळंदीला लग्न आहे / पन्नासच माणसं आहेत. पूर्ण पॅकेज घ्यावं का?

गरज नाही. दोन-तीन तासांचा दर विचारा. हंगामाबाहेर किंवा आठवड्याच्या मधल्या वारी बरेच फोटोग्राफर असं काम आनंदाने घेतात. विशेष विवाह कायद्याखाली नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं, त्यामुळे तारीख निवडायला वाव मिळतो. गर्दीचा मुहूर्त सोडून फोटोग्राफर मिळवा. नोंदणी कार्यालयाच्या आत कॅमेरा चालेल का ते तिथल्या अधिकाऱ्यांना आधी विचारा. सह्यांचा क्षण आत, बाकीचे फोटो बाहेर झाडाखाली, असं बहुतेक ठिकाणी जमतं.

आळंदीसारख्या ठिकाणी एकाच मंगल कार्यालयात पाठोपाठ लग्नं लागतात. तिथे कार्यालयाचाच फोटोग्राफर घेण्याची अट आहे का, बाहेरचा आणला तर वेगळे पैसे मागतात का, हे हॉल ठरवतानाच विचारा.

एक सूचना सगळ्यांनाच: धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंदणी करताना पत्रिकेबरोबर विधीचा फोटो मागतात, आणि महाराष्ट्रात ही नोंदणी नव्वद दिवसांत करायची असते. अल्बमची वाट पाहू नका. वरमाला घातलेला, दोघांचे चेहरे स्पष्ट असलेला एक फोटो आठवड्यात छापून मागा.

११. बौद्ध किंवा सत्यशोधक पद्धतीचं, नाहीतर चर्चमधलं लग्न असेल तर?

खर्चाच्या दृष्टीने तुम्ही फायद्यात आहात. विधी आटोपशीर असतो, तास कमी लागतात. मात्र सप्तपदी आणि लाजाहोमाची सवय असलेल्या फोटोग्राफरला तुमचा क्रम माहीत आहे असं धरून चालू नका. त्रिसरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार असा क्रम कागदावर लिहून द्या. चर्चमध्ये फ्लॅश आणि वेदीजवळची ये-जा चालते का, हे फादरना आधी विचारा.

१२. फोटोंचा मालक कोण? आणि फोटो मिळालेच नाहीत तर?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, म्हणजे ग्राहक. पण बरेच स्टुडिओ आपल्या अटींमध्ये हे उलटं लिहितात, त्यामुळे सही करण्याआधी वाचा. मुलीचा फोटो फोटोग्राफरने आपल्या पानावर टाकू नये असं वाटत असेल तर तेही तेव्हाच सांगा. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली न सुधारलेली मूळ फाइल) मिळणार की नाही, हे आधी ठरलं नसेल तर नंतर वाद होतो.

फिल्मवर बसवलेल्या गाण्याचा मामला निराळा. वरातीत गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे. तेच गाणं व्हिडिओवर टाकून यूट्यूबवर चढवायला नाही. तिथे व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच उतरवला जाऊ शकतो. परवाना घेतलेलं संगीत वापरा, नाहीतर सनई, मंगलाष्टका आणि आज्जीचा उखाणा यांचाच मूळ आवाज ठेवा. मला तर तो जास्त आवडतो.

पैसे घेऊन काम न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. आधी लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरी काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. या वेळी प्रश्न ६ मधला कागद कामाला येतो.

१३. लग्नाच्या फोटोग्राफीवर घर चालतं का?

चालतं, पण पगारासारखं नाही. सात-आठ महिन्यांत मिळवायचं आणि पावसाळ्यासकट बारा महिने पुरवायचं, असा हा धंदा आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली रोजाने काम करण्यात जातात. त्यात वाईट काही नाही. लग्नाची स्वतःची ऑर्डर न घेता, हंगामभर मोठ्या टीमबरोबर रोजावर कँडिड किंवा व्हिडिओ करणारे, किंवा घरी बसून फक्त एडिटिंग करणारेही चांगलं कमावतात. वसुलीची कटकट दुसऱ्याच्या डोक्यावर. नोकरी सोडून उडी मारणार असाल तर आधी एक हंगाम शनिवार-रविवार करून बघा.

पावसाळ्यात बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, गणपती, शाळांची ओळखपत्रं, दुकानांच्या मालाचे फोटो ही कामं असतात. ती हंगामात हलकी समजून नाकारू नका. बारशाला बोलावलेला माणूसच पुढे मुंजीला आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाला बोलावला जातो.

१४. कोर्स करू की कुणाच्या हाताखाली शिकू?

लग्नांसाठी हाताखालचं शिक्षण जास्त कामाचं. विधींचा क्रम, गुरुजींशी आधी बोलून घेण्याची सवय, रागावलेल्या मामांना फोटोला उभं करण्याची कला कुठल्याही वर्गात मिळत नाही. कोर्सचा फायदा प्रकाश समजण्यात आणि लग्नापलीकडची वाट मोकळी राहण्यात. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटचे छोटे अभ्यासक्रम होतात, भारती विद्यापीठाची फोटोग्राफीची शाळा आहे, मुंबईत जे. जे. उपयोजित कला संस्था आहे. लाखभर फी मागणाऱ्या खासगी क्लासला एकच प्रश्न विचारा: माजी विद्यार्थी आज काय करतात, दोघांशी बोलायला मिळेल का?

तांत्रिक बाजूत नवशिक्यांची दांडी उडते ती बहुतेक प्रकाशात. हळदीच्या पिवळ्या चेहऱ्यांवर कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय) गोंधळतो. तो हाताने लावा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदाला ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

१५. पहिल्या सेटअपला किती पैसे घालू? कर्ज काढू का?

दोन मेमरी कार्डांची सोय असलेली जुनी फुलफ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा), पन्नास एमएमची f/१.८ लेन्स, एक झूम लेन्स, एक फ्लॅश. बाकी सगळं भाड्याने. दोन कार्डांचा आग्रह एवढ्यासाठी की एक कार्ड मेलं तरी लग्न हातात राहतं. घरी पोहोचल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, कितीही रात्र झाली तरी.

मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेने उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) मागितली तर ती स्वतःच करा. सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. कर्ज काढायचंच तर हप्ता पावसाळ्यात कसा भरणार, हे आधी कागदावर मांडा.

१६. दर कसा ठरवू? बाजूचा फोटोग्राफर फारच स्वस्तात करतो.

त्याच्या दराकडे पाहून आपला ठरवू नका. आपला खर्च मांडा. समजा सगळा सेट १,८०,००० चा आहे, तो तीन हंगामांत वसूल व्हायला हवा आणि हंगामाला तीस कामं मिळतात. म्हणजे प्रत्येक कामाला २,००० नुसती कॅमेऱ्याची झीज. त्यात सहायक, पेट्रोल, हार्डडिस्क, अल्बम आणि एडिटिंगचे दिवस धरा. शूटिंगचा एक आणि टेबलावरचे तीन, असे चार दिवस लागत असतील तर चार दिवसांची मजुरी लावा. एवढं करून आलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. गिऱ्हाइकाचं बजेट त्याहून कमी असेल तर दर नव्हे, काम कमी करा. कसं, ते प्रश्न ३ मध्ये आहे. पन्नास-साठ माणसांच्या लग्नांसाठी तीन तासांचं स्वच्छ पॅकेज ठेवणारे फोटोग्राफर अजून कमी आहेत. मला ती जागा मोकळी दिसते.

१७. मुलीने या धंद्यात यावं का? घरचे नाही म्हणतात.

यावं. नवरीच्या खोलीत, मेंदीला, हळदीला मुलगी फोटोग्राफर असली की घरातल्या बायका मोकळ्या होतात आणि ते फोटोत दिसतं. कित्येक कुटुंबं आता मुद्दाम विचारतात. घरच्यांची काळजी असते ती रात्री वरातीनंतर एक वाजता परतण्याची, आणि ती खोटी नाही. परतीची गाडी किंवा मुक्कामाची सोय कोटेशनमध्येच लिहा. सुरुवात टीमबरोबर करा.

१८. एआय आणि मोबाइलमुळे काम जाईल का?

फोटो चाळण्याचं आणि रंग सुधारण्याचं काम झपाट्याने सोपं होतंय. नुसत्या त्यावर पोट असलेल्यांना फटका बसेल. मोबाइलवर त्याच दिवशी रील बनवून देणं हे तर नवीन कामच निघालंय, आणि कमी भांडवलात सुरुवात करायला ते बरं आहे.

१९. जीएसटी केव्हा लागतो?

महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. फोटोग्राफी सेवेवर दर अठरा टक्के. मोजायची ती उलाढाल, नफा नव्हे. अल्बमवाल्याला आणि सहायकांना दिलेले पैसेही त्यात मोजले जातात, म्हणून वाटतं त्याच्या आधी ही रेषा येते.

२०. लग्न मोडलं किंवा पुढे ढकललं तर अ‍ॅडव्हान्सचं काय?

दोन्ही बाजूंकडून सर्वांत कडू वाद याच्यावर येतात. माझ्या मते न्याय्य पद्धत अशी: तारीख बदलली आणि नव्या तारखेला फोटोग्राफर मोकळा असेल तर अ‍ॅडव्हान्स तसाच पुढे सरकावा. लग्न मोडलं आणि त्या तारखेला दुसरं काम मिळालं, तर पैसे परत. काम मिळालं नाही, तर ठरलेला भाग कापून उरलेले परत. घरात मृत्यू झाला असेल तर कापाकापी न करता सगळे परत द्यावेत. गावात धंदा करायचा असतो. फोटोग्राफरने ऐनवेळी माघार घेतली तर पूर्ण रक्कम परत, शिवाय बदली माणूस शोधून देण्याची जबाबदारी त्याची. यातलं काहीही चालेल, फक्त ते अ‍ॅडव्हान्स देताना लिहिलेलं असू द्या.